विश्व गणित करतें काय?

स्टीफन वुल्फ्रॅम यांचा ‘ए न्यू काइंड ऑफ सायन्स’ हा ग्रंथ २००२ सालीं प्रसिद्ध झाला. पृष्ठें बाराशेंच्या आसपास, प्रकाशनसंस्थाही ग्रंथकारांचीच. (त्यामुळेंच कीं काय, ‘मी’ या शब्दाला कात्री लावणारा संपादक त्यांस लाभलेला दिसत नाहीं.) विश्व मुळांतच एक गणनक्रिया आहे, हा त्यांतील सिद्धान्त. कल्पना अगदींच नवी नव्हे. कोन्राड त्सूझ या जर्मन संगणककारानें १९६९ सालींच ‘रेखनेंडर राउम’, म्हणजे गणित करणारा अवकाश, या पुस्तकांत ती मांडली होती. तथापि वुल्फ्रॅम यांच्या ग्रंथाचा पूर्वार्ध आम्हांस मनापासून आवडला, हें प्रथम सांगितलें पाहिजे.

त्यांतील एक प्रयोग वाचकांस घरींच करून पाहतां येईल. चौकटींच्या कागदावर वरच्या ओळींतील मधलें एकच घर काळें करावें. खालच्या ओळींतील प्रत्येक घराचा रंग वरच्या तीन घरांवरून ठरवावयाचा: डोक्यावरचें एक आणि त्याच्या शेजारचीं दोन. डावें काळें व उरलेलीं दोन्ही पांढरीं, किंवा डावें पांढरें व उरलेल्यांपैकीं एक तरी काळें, अशा वेळींच खालचें घर काळें; एरवीं पांढरें. ग्रंथांत हा तिसावा नियम. निव्वळ पोरखेळ! पण शंभर ओळी उतरतां उतरतां डावीकडे आखीव पट्टे आणि उजवीकडे मात्र ज्याचा कांहींच मेळ लागत नाहीं असा काळ्यापांढऱ्याचा गोंधळ दिसूं लागतो. हजारावी ओळ कशी असेल हें जाणण्यास आधींच्या सर्व ओळी उतरण्यावांचून जवळची वाट सांपडलेली नाहीं. साध्या कारणांतून केवढें गुंतागुंतीचें कार्य निपजतें, याचें याहून स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

परंतु येथून ग्रंथकार जी उडी घेतात ती आम्हांस पटत नाहीं. निसर्गांतील आकृती अशा नियमांनीं काढतां येतात हें एक. निसर्ग म्हणजे असा नियमच, हें अगदीं दुसरें. पंचांगकर्ता ग्रहणाची वेळ गणितानें काढतो. म्हणून आकाशांत चंद्र त्रैराशिक मांडीत बसला आहे असें कोणी म्हणत नाहीं. शिवाय कागदावरचें घर काळें होतें तें शाईनें. विश्वाच्या घरांत शाई कोणती? अवकाश हें बिंदूंचें जाळें आणि त्या जाळ्यापलीकडे कांहीं नाहीं, हें ग्रंथकारांचें उत्तर म्हणजे प्रश्न परत करणें होय. भौतिकशास्त्राची अडचण निराळीच. शेजाऱ्याकडे पाहूनच चालणाऱ्या निश्चित नियमांनीं दूरस्थ कणांचा परस्परमेळ उलगडत नाहीं, असें बेल यांचें १९६४ चें प्रमेय सांगतें. त्यावर ग्रंथकार लांबचे बिंदू जोडणारे धागे कल्पितात. मग नियमाचा साधेपणा कितीसा उरला?

याहून मोठा आक्षेप शेवटच्या प्रकरणावर आहे. तेथें इच्छास्वातंत्र्याचा उलगडा असा केला आहे कीं, मेंदूचे नियम निश्चित असले तरी त्यांचें फळ आधीं काढतां येत नाहीं, म्हणून मनुष्य स्वतंत्र भासतो. येथें ‘अज्ञात’ आणि ‘स्वतंत्र’ या शब्दांची अदलाबदल झाली आहे. हजारावी ओळ आम्हांस आधीं कळत नाहीं. पण ती तशीच येणार हें ठरलेलें असतें, आणि तिला कोणी पुण्यवान किंवा अपराधी म्हणत नाहीं. वचन पाळणाऱ्याची आपण वाखाणणी करतों ती त्याचें वागणें अनपेक्षित होतें म्हणून नव्हे. तो तें पाळणारच अशी खात्री असते म्हणून. हा भेद ग्रंथकारांनीं लक्षांत घेतला असता, तर तिसाव्या नियमावर पानेंच्या पानें खर्चिल्यावर हा प्रश्न इतक्या थोडक्यांत आटोपला नसता.