प्रवेशानंतरचे न लिहिलेले प्रकरण

दलित आत्मकथनांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या भाषेवर वाद झाले, अनुभवाच्या अस्सलपणावर झाले, हे साहित्य की समाजशास्त्र यावरही झाले. मात्र ही कथने आपण कोठपर्यंत वाचतो आणि कोठे पुस्तक मिटतो, हा प्रश्न आपण समीक्षकांनी फारसा विचारला नाही. मलाही तो पुस्तकांतून सुचलेला नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने तो माझ्यासमोर आणून ठेवला. त्या दिवशी मी तिला जे उत्तर दिले त्याची मला आज लाज वाटते. म्हणून हा लेख.

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वार्षिकांकाचे काम माझ्याकडे असल्याने वाड्या-वस्त्यांतून आलेल्या मुलामुलींचे लेखन दरवर्षी माझ्या हाताखालून जाते. त्यात एक साचा दिसतो. आईची मोलमजुरी, बापाचे कष्ट किंवा बापाची दारू, गावातला अपमान, एखादे चांगले गुरुजी, रात्रीचा अभ्यास, आणि शेवटी 'मला प्रवेश मिळाला'. तेथे लेख संपतो. प्रवेश मिळाला म्हणजे दुःख संपले, इतिहासाचा हिशेब चुकता झाला, अशी त्यामागची धारणा असते.

हा साचा या मुलांनी आत्मकथनांतून घेतला असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. 'बलुतं' १९७८ साली आले. त्यात शिकून नोकरीला लागलेला दया पवार आणि मागे राहिलेला दगडू एकमेकांशी बोलत राहतात. शिक्षण झाल्यानंतरची अस्वस्थता हाच त्या पुस्तकाचा कणा आहे. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आले. ते पुस्तक आईचे आणि तमाशात नाचवल्या गेलेल्या बायांचे आहे. पण व्यासपीठावरून त्याची ओळख करून देताना आपण सांगतो काय, तर 'कोल्हाट्याचं पोर डॉक्टर झालं'. म्हणजे साचा लेखकांचा नव्हे, आपला आहे. आपण वाचकांनी, सत्कार करणाऱ्यांनी आणि माझ्यासारख्या प्राध्यापकांनी तो केला आहे. शाळेच्या पायरीवर बसवले गेलेल्या पिढीला उंबरा ओलांडणे हेच युद्ध होते, आणि ते त्यांनी केले. पण त्यांच्या नातवंडांनाही आपण उंबऱ्यावरच उभे करून फोटो काढतो. आत गेल्यावर त्यांचे काय होते, हे आपण ऐकू इच्छित नाही.

ही मुलगी बारावीला आमच्याकडे होती. नीटच्या परीक्षेत तिला बरे गुण मिळाले, पण एमबीबीएसपर्यंत ते पोचले नाहीत. तिसऱ्या फेरीत एका खाजगी दंत महाविद्यालयात बीडीएसची जागा मिळाली आणि तिने ती घेतली. वस्तीत आनंद झाला. विहारासमोर फ्लेक्स लागला. त्यावर तिचा फोटो आणि खाली 'भावी डॉक्टर'. त्या सत्काराचे सूत्रसंचालन मीच केले. दोन महिन्यांनी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, मला बीडीएस सोडायचंय. बीएस्सी नर्सिंगला जायचंय."

मी म्हणालो, "अगं, वेडी आहेस का? एक वर्ष काढ, सवय होईल." आणि पुढे, जे म्हणायला नको होते तेही म्हणालो, "आपली एक जागा वाया जाईल."

तिची कारणे मी नंतर ऐकली. करोनाच्या साथीत तिची आई सरकारी रुग्णालयात होती. डॉक्टर दिवसातून एकदा येत. रात्रभर वॉर्डात असत त्या सिस्टर. ते काम तिने पाहिले होते आणि तिला ते करायचे होते. नीट दिली ती सगळे देतात म्हणून, आणि दंतशाखा घेतली ती मिळाली म्हणून. दुसरे कारण हिशेबाचे होते. पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरायला बसली तेव्हा तिच्या लक्षात आले की हत्यारे आपली आपण घ्यायची आहेत. शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून सुटते. हत्यारे, पुस्तके, खानावळ सुटत नाही. पुढे दवाखाना टाकायचा तर गाळा हवा, खुर्ची हवी, यंत्रे हवीत. सरकारी जागा मोजक्या. भांडवल नसलेल्या दंतवैद्याने दुसऱ्याच्या दवाखान्यात पगारावर राहायचे. "नर्सिंगला चार वर्षांनी माझ्या हाताला काम असंल, सर," ती म्हणाली. अठरा वर्षांच्या मुलीने केलेला हा विचार माझ्या भाषणापेक्षा अधिक भौतिकवादी होता. मी 'डॉक्टर' या शब्दाला भुललो होतो.

हा शब्द आपल्या वस्तीत साधा नाही. त्यात बाबासाहेब आहेत. त्यांची डॉक्टरेट अर्थशास्त्राची होती हे आपल्याला माहीत आहे, तरी दारावर 'डॉ.' ही अक्षरे लागली की बाबासाहेबांचे ऋण फिटल्यासारखे वाटते. तिच्या वडिलांनी पंधरा दिवस तिच्याशी बोलणे टाकले. मला म्हणाले, "सर, डाक्टरकी सोडून सिस्टर? लोकांना काय तोंड दाखवू?" मी त्यांना दोष देत नाही. ज्याच्या घरात आजवर मिरवण्यासारखे काही आलेच नाही, त्याने आलेला शब्द घट्ट धरला तर तो त्याचा गुन्हा नव्हे. पण शब्द बापाचा आणि आयुष्य लेकीचे, ही वाटणी कोणत्या न्यायाची?

मग व्यवस्था काय करते ते पाहा. ज्यांच्या घरात पैसा आहे अशांची मुले दरवर्षी शाखा बदलतात. एक वर्ष अभियांत्रिकी, मग वैद्यकीय, मग सगळे सोडून परदेश. त्याला 'स्वतःचा शोध' म्हणतात. आपल्या मुलीने तेच केले तर 'जागा अडवली', 'सवलतीचा गैरफायदा घेतला'. या मुलीने अर्ज दिला तेव्हा महाविद्यालयाने उरलेल्या वर्षांची फी भरा, मगच मूळ कागद मिळतील, असे सांगितले. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली अधिसूचना काढून बजावले होते. ती दाखवली तर 'ते आम्हाला लागू नाही' असे उत्तर आले. तिकडे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची अट आहे की अभ्यासविषय किंवा संस्था राज्य शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. ही योजना १९४४ पासूनची, म्हणजे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते त्या काळातली. तिच्यावर आमच्या पिढ्या शिकल्या. ती नसती तर मी आज हा लेख लिहिला नसता. अटीमागचा हेतू सार्वजनिक पैसा जपण्याचा असेल. पण पूर्वपरवानगी कोणत्या टेबलावर मिळते, किती दिवसांत मिळते, हे त्या मुलीला कोणी सांगू शकले नाही. जात वैधता प्रमाणपत्र, गॅपचे प्रतिज्ञापत्र, महाडीबीटीवरचा जुना अर्ज रद्द करणे, अशा कागदांमागे चार महिने गेले. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला परवानगी लागत नाही; तो पैसे भरून मोकळा होतो. म्हणजे निवड चुकली तर ती सुधारण्याचा अधिकार येथे विकत मिळतो.

यात नवे काही नाही. स्वतः बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले ते बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याच्या करारावर सही करून. १९१६ साली ते लंडनला पोचले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पुन्हा जायला १९२० साल उजाडले, तेही स्वतः साठवलेल्या आणि शाहू महाराज, नवल भथेना यांनी दिलेल्या पैशांवर. त्याआधी शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिले नाही. फारसी घ्यावी लागली. आपल्या विषयाचा निर्णय आपण सोडून सर्वांनी घ्यायचा, ही रीत जुनी आहे.

या रीतीचे मर्म बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये उघडे केले. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यातले वचन आपण सर्वजण सांगतो. त्याच्या पुढचा मुद्दा मात्र आपण क्वचित सांगतो. जातिव्यवस्था माणसाला आपला व्यवसाय आवडीने निवडू देत नाही, आणि परिस्थिती बदलली तरी तो बदलू देत नाही, यावर त्यांनी तेवढाच भर दिला आहे. बदलण्याचा अधिकार हा त्यांच्या विचारात चैनीचा भाग नाही. तो जातिअंताचा भाग आहे.

येथे माझे कार्यकर्ते मित्र एक आक्षेप घेतील, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतील, सेवेची, मलमूत्राची, रक्ताची कामे हजारो वर्षे आपल्याच वाट्याला आली. आता डॉक्टरची खुर्ची हाताशी आली असता आपल्या मुलीने ती सोडून बेडपॅन उचलायला जावे, याला तुम्ही स्वातंत्र्य म्हणता? हे तर व्यवस्थेला हवेच आहे!

या आक्षेपाला मी माझ्या आजीच्या साक्षीने उत्तर देतो. माझी आजी सुईण होती. पाटलाच्या वाड्यावरचे बाळंतपण तिने करायचे. नाळ कापेपर्यंत ती घरातली, नाळ कापली की तिचा विटाळ. सूपभर जोंधळे आणि एखादे जुने लुगडे घेऊन ती मागच्या दाराने यायची. महारवाड्यातल्या बाईच्या बाळंतपणाचे हाल बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये लिहिले आहेत. ते वाचताना मला नेहमी आजी आठवते. तिच्या हातात कसब होते, पण त्या कसबाला ना पगार, ना पदवी, ना नकार देण्याची मुभा. विटाळ त्या कामात नव्हता; ते काम तिच्यावर लादलेले होते, विटाळ त्या लादण्यात होता. तेच काम आज पदवी घेऊन, परिषदेकडे नोंदणी करून, पगार ठरवून, आपल्या मर्जीने कोणी करीत असेल तर ते काम तेच राहत नाही. उलट डॉक्टर वर आणि परिचारिका खाली ही उतरंड आपण जशीच्या तशी स्वीकारली, तर जातीची उतरंड नाकारून कामाची उतरंड डोक्यावर घेतल्यासारखे होईल. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात यशवंत डॉक्टर म्हणून उभा होता आणि सावित्रीबाई रोग्यांना उचलून आणत होत्या. त्यातच त्या गेल्या. त्या दोघांत थोर कोण, असा प्रश्न आपण कधी विचारला आहे काय?

मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोणी शिक्षक, कोणी समुपदेशक आपल्या मुलीला 'तुला नर्सिंगच झेपेल' असे सांगत असेल तर त्याचा तितक्याच जोराने निषेध केला पाहिजे. कुमुद पावडे यांनी संस्कृत घेतले तेव्हा भोवतालच्या समाजाने भुवया उंचावल्या. 'अंतःस्फोट' (१९८१) मध्ये त्यांनी ते नोंदवले आहे. त्यांचे संस्कृतकडे जाणे आणि या मुलीचे दंतशाखेतून बाहेर पडणे, दिशा उलट्या दिसतात. अधिकार एकच आहे.

आता साहित्याकडे परत येतो. रोहित वेमुला २०१६ साली गेला, डॉ. पायल तडवी २०१९ साली गेल्या. आपण कविता लिहिल्या, विशेषांक काढले, मोर्चे काढले. ते करायलाच हवे होते. पण जी जिवंत आहे, जिला आत गेल्यावर कळले की ही वाट आपली नाही, आणि जी तसे म्हणण्याचे धैर्य करते, तिच्यासाठी आपल्या साहित्यात एक पानही नाही. तिला वाचायला द्यावे असे काही माझ्या कपाटात मला सापडले नाही. सापडले ते यशाचे किंवा मृत्यूचे. मधले काहीच नाही. आणि आपली बहुसंख्य मुले या मधल्याच जागेत जगतात. विद्रोह बाहेरच्यांशी करायला आपण शिकवले. आपल्याच माणसांच्या टाळ्यांना नकार कसा द्यायचा, हे शिकवले नाही. तिच्या वाट्याला हा दुसरा नकार आला होता. मला तो पहिल्याहून कठीण वाटतो.

तिचे वर्ष गेले. पुढच्या वर्षी प्रवेशपरीक्षा देऊन तिने नर्सिंगला प्रवेश घेतला आणि आज ती तिसऱ्या वर्षाला आहे. वडील तिच्याशी बोलतात. फ्लेक्स मात्र पुन्हा लागला नाही. मी तिला म्हणालो, वार्षिकांकासाठी हे सगळे लिही. ती म्हणाली, "लिहीन सर, पण शेवट काय करू?"

या प्रश्नावर आपण सर्वांनी विचार करावा असे मला वाटते. शिक्षकांनी सत्काराआधी मुलाला एकांतात विचारावे की हे तुला हवे आहे काय. कार्यकर्त्यांनी शिष्यवृत्तीच्या पूर्वपरवानगीला मुदत असावी, कागद अडवणाऱ्या संस्थेवर कारवाई व्हावी, यासाठी निवेदने द्यावीत. हाही समतेचाच लढा आहे. आणि विद्यार्थ्यांनी प्रवेशापाशी लेख संपवू नये. जागा घेतल्यानंतर काय वाटले, काय चुकले, काय बदलले, हे लिहावे. शेवट नसला तरी चालेल. आम्ही तो मागणार नाही.