‘श्यामची आई’ : बोलणारी आई, ऐकणारा मुलगा

‘श्यामची आई’ या बोलपटाचा विषय कोणता, असे चारचौघांत विचारले, तर बहुतेक जण ‘मातृप्रेम’ एवढे एकच उत्तर देऊन मोकळे होतील. उत्तर चूक नाही. पण अपुरे आहे. प्रेमळ आया पडद्यावर पुष्कळ येऊन गेल्या. मग हीच आई आपल्या घराघरांत का ठाण मांडून बसली? मला वाटते, या चित्रपटाचा खरा विषय आईचे प्रेम नसून आईचा शब्द हा आहे. लिहिता न येणाऱ्या, चार भिंतींबाहेर ज्यांना कोणी विचारले नाही अशा बायकांचा शब्द जगात टिकतो कसा, आणि टिकताना त्यातले काय गळून जाते, हा तो विषय होय.

आचार्य अत्रे यांनी हा चित्रपट १९५३ साली काढला आणि १९५४ मध्ये राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्याला मिळाला, हे सर्वांस ठाऊक आहे. श्यामच्या भूमिकेत माधव वझे हा लहानगा होता. आई झाल्या होत्या वनमाला. १९४१ च्या ‘सिकंदर’मध्ये ज्यांना झगमगत्या वेषात पाहिले, त्या इथे जुनेरे नेसून चुलीपुढे बसतात. अत्र्यांची ही निवड धाडसाची खरी, पण तीच चित्रपटाला तारून गेली. तिचा उल्लेख पुढे करीनच.

कथा कोकणातली, पालगडची. पण ती लिहिणारा हात घडला तो आपल्या खानदेशात. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांचे पाहत होते. पुढे सत्याग्रहात उतरले. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात असताना विनोबाही तिथे होते. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि गुरुजींनी ती उतरून घेतली. ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहेत ती या लेखणीमुळे. विनोबांची ‘गीताई’देखील आईच्या इच्छेतूनच जन्मली, त्या माउलीला संस्कृत गीता कळेना, म्हणून तिने मराठीत मागितली होती. विनोबांची आई १९१८ मध्ये गेली, गुरुजींची १९१७ मध्ये. आईवेगळे झालेले दोन पुत्र धुळ्याच्या भिंतींआड एक बोलतो आहे, दुसरा लिहितो आहे! पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. धुळ्यात विनोबांचे शब्द टिपणाऱ्या त्या कानांनी नाशिकला आईचे शब्द आठवले. म्हणून ते पुस्तक म्हणजे रात्रीमागून रात्री सांगितलेल्या गोष्टी आहेत. सांगणारा मुलगा, आई कधीच दिवंगत झालेली.

पण आईने आपले मन मुलातच का ओतावे? इथे विद्वानांची मदत घेतली पाहिजे. चित्रपट आला त्याच १९५३ साली डॉ. इरावती कर्वे यांचा भारतातील नातेसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकत्र कुटुंबात परक्या घरातून आलेली सून आधी पाहुणीसारखी असते. मुलांची आई झाल्यावर तिचे पाऊल त्या घरात घट्ट होते, हे बाईंच्या मांडणीतून स्पष्ट दिसते. पुढे १९७८ साली सुधीर कक्कर यांनी ‘द इनर वर्ल्ड’ या पुस्तकात तोच धागा मनाच्या अंगाने उलगडला. ज्या मुलामुळे स्त्रीला घरात मान मिळतो, त्याच्याशी तिचे मन विलक्षण घट्ट बांधले जाते; मुलाला त्याची ऊबही मिळते आणि ओझेही जन्मभर वाहावे लागते.

आईच्या मायेला असे काटे लावू नयेत, असे कोणी म्हणेल. पण या प्रकाशात दोन प्रसंग पाहा. नहाण झाल्यावर पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामसाठी आई आपला पदर पसरते आणि तळव्यांप्रमाणे मनही स्वच्छ ठेवायला बजावते. विहिरीला भिणाऱ्या त्याच श्यामला ती फोकाने मारून पोहायला पिटाळते. मागून त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. पदर पसरणारी आणि फोक उगारणारी आई एकच. कर्जाने घर खचत चाललेले, वसुलीची माणसे दाराशी येणारी. अशा वेळी त्या बाईजवळ मुलाला देण्यासारखे शब्दांवाचून उरले होते काय? म्हणून तिची शिस्त इतकी कडक आहे.

पुस्तकात हे सारे आपण श्यामच्या डोळ्यांनी पाहतो. त्याला आठवतो तो आपल्याला मिळालेला धडा. पडद्यावर मात्र श्यामसमोर आई देहाने उभी राहते. मुलाची नजर खाली असताना वनमालाबाईंचा चेहरा आपल्याला दिसत असतो, आणि गोष्ट सांगणाऱ्या मुलाच्या हातून निसटलेला आईचा थकवा त्या चेहऱ्यावर उतरतो. चित्रपटाची खरी कमाई मी हीच समजतो.

ही कमाईही अर्धीच आहे, हे आपल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी सांगू शकतील. असोद्याच्या या निरक्षर शेतकरी बाईची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, जपली आणि १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली ती अत्र्यांच्याच प्रस्तावनेसह. लागोपाठच्या दोन वर्षांत अत्र्यांनी महाराष्ट्राला दोन आया दिल्या. दोघींचाही शब्द मुलाच्या हातून आला. फरक एवढाच, की सोपानदेवांनी आईचे तिच्याच बोलीतले गाणे आपल्यापुढे ठेवले. म्हणून बहिणाबाई शेतावर बोलतात, जात्यावर बोलतात, स्वतःच्या वैधव्यावरही बोलतात. श्यामची आई बोलते ती श्यामशी आणि श्यामसाठी. ती कोणती गाणी एकटीच गुणगुणत होती, हे आपल्यापर्यंत पोचलेच नाही.

२०२३ साली सुजय डहाके यांनी ही कथा पुन्हा कृष्णधवल रंगांत पडद्यावर आणली आणि त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. त्यात ओम भुतकर यांनी प्रौढ साने गुरुजी उभे केले आहेत. सांगणारा मुलगाच समोर दिसत असल्यामुळे, ही आई कोणाच्या आठवणीतून येते आहे याचा विसर पडत नाही.

आपल्याकडे हा चित्रपट मुलांना दाखवायचा, तो ‘बघ, कसे वागावे!’ असे सांगण्यासाठी. आम्ही मास्तर मंडळी तर त्यात आघाडीवर. परंतु त्यातून घरातल्या बाईलाही नकळत एक हुकूम सुटतो : अशी आई हो, आणि मुलापलीकडे काही मागू नकोस. गुरुजींना हे अभिप्रेत नव्हते. आईचे ऐकणे हीच त्यांची भक्ती होती. तिचा वारसा सांगायचा, तर यंदाच्या दिवाळीत फराळाची ताटे उचलल्यावर सारे घर मिळून चित्रपट पाहावा. श्यामकडे पाहून झाले, की आईकडे पाहावे. आणि तो संपल्यावर घरातल्या आजीला तिची स्वतःची गोष्ट विचारावी. मुलाच्या जन्माआधीची, माहेरची, तिच्या रागाची आणि हौसेची. ती सांगू लागली, की मध्ये न बोलता ऐकावे. आणि जमल्यास तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे.