‘वार’ आणि व्युत्पत्तीचा हव्यास

उच्चार एक दिसला कीं मूळही एकच असलें पाहिजे, असें धरून सारे अर्थ एका धाग्यांत ओवावयाचे, ही आमच्या हौशी व्युत्पत्तिकारांची जुनी खोड आहे. यास्काच्या ‘निरुक्तां’त याच्याच शेजारचा एक वाद आला आहे. सर्व नामें धातूंपासून निघालीं असें शाकटायनाचें मत. सर्वच तशीं निघालीं नाहींत, असें गार्ग्याचें. आम्ही गार्ग्याच्या बाजूचे आहों, आणि साक्षीस मराठींतील ‘वार’ हा दोन अक्षरी शब्द बोलावितों.

सोमवार-मंगळवारांतील ‘वार’ संस्कृत असून त्याचा एक जुना अर्थ पाळी असा आहे. ज्या दिवशीं ज्या ग्रहाची पाळी, त्याचा तो वार. ‘वारंवार’ याच घरचा. गरीब विद्यार्थी पूर्वीं वार लावून जेवत, सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या; तेथें दिवस आणि पाळी हे दोन्ही अर्थ पुन्हां एका ताटावर येत. ही सोयरीक खरी.

पण तेवढ्यावरून लढवय्ये पाळीपाळीनें घाव घालीत म्हणून घावालाही ‘वार’ म्हणूं लागले, असें कोणी सांगूं लागला तर त्यास पुरावा विचारावा. तो पुढें असेंही म्हणेल कीं, वार करते ती तलवार! वस्तुतः ‘तलवार’ हें संस्कृत ‘तरवारि’चें झिजलेलें रूप, तिच्या शेपटाचा घावाशीं कांहीं संबंध नाहीं. ‘उमेदवारा’चें शेपूट तर फारसी प्रत्ययाचें. असली चलाख व्युत्पत्ति अज्ञानाहूनही घातक होय, कारण अज्ञानी मनुष्य निदान कोश उघडून पाहतो.

कापड मोजण्याचा वार आणखी निराळा. १९५६ सालीं मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि दुकानांतून हा वार हळूहळू मागें पडला; लुगडें मात्र अजून नऊवारीच आहे.

राहिली सुइणीच्या तोंडची ‘वार’. मूल जन्मल्यावर जी पडते ती. आणि ती ‘पडते’, ‘पडतो’ नव्हे. ‘वार पडला’ हें रणांतलें वाक्य, ‘वार पडली’ हें बाळंतिणीच्या खोलींतलें. क्रियापदाच्या शेवटच्या एका स्वरानें केवढें अंतर पडलें! भर्तृहरीनें ‘वाक्यपदीयां’त अर्थनिश्चयाचीं जीं साधनें सांगितलीं आहेत, त्यांत ‘व्यक्ति’ म्हणजे व्याकरणांतील लिंग याचीही गणना आहे, ती उगाच नव्हे.

म्हणून कोशकारांस आमचें सांगणें एवढेंच कीं, जेथें नातें सिद्ध नाहीं तेथें शब्द निरनिराळे मांडावे. एकाच शब्दाखालीं एक, दोन, तीन असे आंकडे घालून त्यांस सख्खे भाऊ ठरवूं नये. पुल्लिंगी वारांच्या रांगेंत ही बिचारी स्त्रीलिंगी वार शेवटीं कोंबलेली दिसली, म्हणजे त्या कोशाच्या पुढील पानांचाही आम्हांस भरंवसा वाटेनासा होतो.