खात्री कधी तयार होते? : ‘पिकिंग कॉटन’ या पुस्तकाचे एक वाचन



परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षक म्हणून वर्गात फिरताना हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळतो का, हे पाहणे माझे काम असते. मी ज्यांना शिकवतो त्यांच्या फोटोकडे मी फारसे पाहत नाही, कारण चेहराच पुरेसा असतो. बाहेरच्या महाविद्यालयातून आलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र मी थबकतो. फोटोत दाढी नाही, समोर आहे; फोटोत चष्मा आहे, समोर नाही. दोन क्षण पाहतो, सही करतो, पुढच्या बाकाकडे जातो. आजवर यात किती चुका झाल्या असतील ते मला सांगता येणार नाही, कारण या कामात चूक झाली तरी ती कळण्याची सोय नसते.

साक्षीदाराच्या ओळखीचेही नेमके असेच असते. चूक कळते ती क्वचित, आणि कळते तेव्हा कुणाच्या आयुष्याची दहा वर्षे गेलेली असतात. अशाच एका चुकीवरचे ‘पिकिंग कॉटन’ हे पुस्तक २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. जेनिफर थॉम्पसन-कॅनिनो, रोनाल्ड कॉटन आणि एरिन टॉर्निओ हे त्याचे लेखक. मानसशास्त्र, कायदा किंवा यंत्रशिक्षण, तुमचा विषय कोणताही असो, ते वाचा असेच मी सांगेन. पण ते ज्या दृष्टीने लिहिले आहे त्याहून थोड्या वेगळ्या दृष्टीने वाचा, एवढेच या टिपणाचे म्हणणे आहे.

१. घटना

जुलै १९८४. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या बर्लिंग्टन गावी बावीस वर्षांच्या जेनिफर या विद्यार्थिनीवर तिच्याच घरात घुसलेल्या माणसाने बलात्कार केला. त्या अवस्थेतही तिने त्याचा चेहरा लक्षात ठेवण्याचा निश्चयपूर्वक प्रयत्न केला. पोलिसांना तिने वर्णन दिले, त्यावरून रेखाचित्र तयार झाले. काही दिवसांनी तिला सहा छायाचित्रे दाखवण्यात आली. त्यांतून तिने रोनाल्ड कॉटनचे छायाचित्र निवडले. नंतर प्रत्यक्ष ओळख परेड झाली, तिथेही तिने त्यालाच निवडले. न्यायालयात तिने ठामपणे साक्ष दिली आणि जानेवारी १९८५ मध्ये कॉटन दोषी ठरला.

त्याच रात्री आणखी एका स्त्रीवर अत्याचार झाला होता. परेडमध्ये तिने कॉटनला ओळखले नव्हते, दुसऱ्याच माणसाकडे बोट दाखवले होते. ही गोष्ट पहिल्या खटल्यातील ज्यूरीपुढे आली नाही, आणि याच कारणावरून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. १९८७ मध्ये खटला पुन्हा चालला. या वेळी त्या दुसऱ्या स्त्रीनेही कॉटनला ओळखले आणि तो दोन्ही गुन्ह्यांत दोषी ठरला.

दरम्यान तुरुंगात कॉटनला बॉबी पूल नावाचा कैदी भेटला होता. दोघांत इतके साम्य होते की तिथले लोक त्यांच्या नावांची गल्लत करत. हे गुन्हे आपण केल्याचे पूलने दुसऱ्या एका कैद्याला सांगितल्याचे कॉटनच्या कानावर आले. दुसऱ्या खटल्यात पूलला न्यायालयात उभे केले गेले. जेनिफरने त्याच्याकडे पाहिले आणि याला आपण कधीच पाहिले नाही, असे सांगितले. १९९५ मध्ये डीएनए चाचणी झाली. गुन्हेगार पूलच निघाला. साडेदहा वर्षे तुरुंगात काढून ३० जून १९९५ रोजी कॉटन सुटला.

२. ओळखीचा चेहरा आणि अनोळखी चेहरा

चेहरे ओळखण्यात माणूस पटाईत आहे, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. २०११ साली रॉब जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन डच प्रसिद्ध व्यक्तींची प्रत्येकी वीस, अशी चाळीस छायाचित्रे ब्रिटनमधल्या लोकांना दिली आणि ‘एका माणसाचा एक गठ्ठा करा’ असे सांगितले. त्या व्यक्ती ज्यांना माहीत नव्हत्या त्यांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. हेच काम नेदरलँड्समधल्या लोकांनी जवळजवळ न चुकता केले, कारण ते चेहरे त्यांच्या परिचयाचे होते.

व्हिकी ब्रूस आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा प्रयोग तर आणखी सोपा होता. लक्षात ठेवण्यासारखे काहीच नव्हते. एक चेहरा आणि त्याखाली दहा चेहरे एकाच वेळी समोर ठेवलेले. त्यांतून तोच माणूस शोधायचा. तरीही अनोळखी चेहऱ्यांच्या बाबतीत बरोबर उत्तरे सुमारे सत्तर टक्केच आली.

म्हणजे आपले कौशल्य परिचित चेहऱ्यांपुरते आहे, आणि गुन्ह्याचा साक्षीदार बहुतेक वेळा अनोळखी चेहराच पाहिलेला असतो. त्यातच जेनिफर गोरी, कॉटन आणि पूल कृष्णवर्णीय. दुसऱ्या वंशाच्या माणसांचे चेहरे ओळखताना अधिक चुका होतात, हे १९६९ पासूनच्या अनेक प्रयोगांत दिसले आहे. पुस्तकाच्या शीर्षकातला श्लेष इथे बोचतो. ‘पिकिंग कॉटन’ म्हणजे कॉटनला निवडणे, आणि कापूस वेचणेही. अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस कोणी वेचला, हे त्या देशातल्या वाचकाला सांगावे लागत नाही.

३. ‘त्यातल्या त्यात हा’ आणि ‘हाच तो’

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना इथे आपले नेहमीचे उदाहरण आठवेल. सहा संकेतांपैकी सर्वांत मोठा कोणता, हे विचारणारे परिपथ नेहमी उत्तर देते. सहाही संकेत निव्वळ गोंगाट असले तरी देते. एखादा संकेत ठरावीक उंबरठा ओलांडतो का, हे विचारणारे परिपथ मात्र ‘एकही नाही’ असेही सांगू शकते.

जेनिफरपुढे ठेवलेल्या सहा छायाचित्रांत पूल नव्हता. नंतरच्या परेडमध्येही नव्हता. अशा वेळी साक्षीदाराच्या मनातला प्रश्न नकळत बदलतो. ‘तो यांत आहे का?’ याऐवजी ‘यांतला कोण त्याच्यासारखा दिसतो?’ असा तो होतो, आणि या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळतेच. म्हणून ‘गुन्हेगार यांत असेल किंवा नसेलही’ ही सूचना साक्षीदाराला आधी दिली पाहिजे, असे संशोधक सांगतात. एका वाक्याची सूचना, पण ती परिपथच बदलते.

४. शून्य सरकलेला मापक

आता या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग.

छायाचित्र निवडायला जेनिफरला काही मिनिटे लागली. निवडल्यावर, आपण छान काम केले अशा अर्थाची शाबासकी तिला मिळाली. परेडमध्ये ती आधी क्रमांक चार आणि क्रमांक पाच यांच्यात घोटाळली, मग तिने पाच क्रमांक सांगितला. तो कॉटन होता. छायाचित्रांत आणि परेडमध्ये, दोन्हीकडे असलेला तो एकटाच होता. परेडनंतर, छायाचित्रातलाही हाच होता, हे तिला कळवण्यात आले.

प्रयोगशाळेत आपण दोन वाचने घेतो तेव्हा ती एकमेकांपासून स्वतंत्र असावीत अशी अट असते. पहिल्या वाचनाने मापकाचा शून्यच सरकला असेल, तर दुसरे वाचन पहिल्याशी जुळणारच. त्या जुळण्याला पुष्टी म्हणत नाहीत. जेनिफर परेडमध्ये कोणाला ओळखत होती? हल्लेखोराला, की काही दिवसांपूर्वी मिनिटे-मिनिटे न्याहाळलेल्या छायाचित्राला? तिला स्वतःलाही ते सांगता येणे शक्य नव्हते.

शाबासकीने काय होते, हे गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी १९९८ साली दाखवले. लोकांना एका माणसाचे चित्रण दाखवले आणि नंतर तो माणूस नसलेली छायाचित्रे समोर ठेवली. प्रत्येकाने कोणाला तरी निवडले, म्हणजे सगळेच चुकले. मग काहींना, तुम्ही संशयिताला बरोबर ओळखलेत, असे सांगितले. या लोकांनी नंतर सांगितले की निवडतानाच आपली खात्री जास्त होती, चेहरा आपल्याला अधिक चांगला दिसला होता, आपण अधिक लक्ष दिले होते. एका वाक्याने त्यांची आताची खात्री तर वाढलीच, शिवाय तेव्हाच्या खात्रीची आठवणही बदलली.

दुसऱ्या स्त्रीची साक्ष या दृष्टीने पुन्हा वाचा. काळ जातो तशी स्मृती पुसट होते. मग घटनेनंतर लगेच जो चेहरा ओळखता आला नाही, तो तीन वर्षांनी कसा ओळखता आला? मधल्या काळात हल्लेखोराचा चेहरा तिला पुन्हा दिसला नव्हता. ज्याच्यावर खटला चालला, त्याचा चेहरा मात्र समोर होता. डीएनएचा निकाल आल्यानंतरही जेनिफरला दुःस्वप्नात कॉटनचाच चेहरा दिसत राहिला. तर्काला पटले तरी स्मृती जुनी होत नाही. तिच्यावर नवे कोरले गेलेले असते.

५. पुस्तकाचे यश आणि त्याची मर्यादा

पुस्तक दोन आवाजांत चालते. एकदा जेनिफर ‘मी’ म्हणून बोलते, एकदा रोनाल्ड. एकच खटला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून आणि आरोपीच्या जागेवरून, असा दोनदा पाहताना वाचकाला कोणावर रागावावे ते कळत नाही. हे या पुस्तकाचे मोठे यश आहे. जेनिफर खोटे बोलत नव्हती, सूड म्हणूनही तिने कोणाला गोवले नाही. प्रामाणिक माणूस पूर्ण खात्रीने पूर्ण चुकीचे सांगू शकतो, ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा इथे अधिक खोल उतरते. सुटकेनंतर दोघे भेटतात, तो तिला क्षमा करतो, पुढे दोघे मिळून ओळख परेडच्या सुधारणांसाठी बोलत फिरतात. नॉर्थ कॅरोलायनाने २००७ साली याविषयी कायदाही केला.

पण क्षमेचा हा धागा इतका बळकट आहे की तो प्रकरणाचा अर्थच ठरवून टाकतो. क्षमा केली म्हणजे चूक तिची होती, असे वाचक मानून बसतो. मला ते मान्य नाही. छायाचित्रे निवडली पोलिसांनी, शाबासकी दिली पोलिसांनी, कॉटनला दोनदा तिच्यापुढे ठेवले पोलिसांनी, आणि पूलविषयीचा पुरावा ज्यूरीपर्यंत जाऊ दिला नाही तो न्यायालयाने. वेल्स यांनी १९७८ सालीच दोन प्रकारचे घटक वेगळे केले होते : अंधार, अंतर, भीती यांसारखे यंत्रणेच्या हातात नसलेले, आणि परेड कशी घ्यायची, साक्षीदाराला काय सांगायचे यांसारखे यंत्रणेच्या हातातले. क्षमेची गोष्ट दोन माणसांत घडते. तिच्यात यंत्रणेला जागा उरत नाही.

दुसरी मर्यादा पुस्तकाच्या रूपातच आहे. स्मृती कशी फसवते हे सांगणारे हे लेखन स्वतः वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्मृतीवर उभे आहे, आणि ते संवादांसकट, निःशंक सुरात सांगितलेले आहे. पुस्तकाच्या विषयाने जी सावधगिरी आपल्याला शिकवली ती पुस्तक वाचतानाही सोडू नये.

तिसरी गोष्ट पुस्तकापेक्षा त्याच्या वाचकांविषयी आहे. ‘साक्षीदारांवर विश्वासच ठेवू नये’ असा धडा घेऊन अनेकजण हे पुस्तक मिटतात. तो चुकीचा आहे. ब्रँडन गॅरेट यांनी डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्या पहिल्या २५० जणांची प्रकरणे तपासली. १९० प्रकरणांत चुकीची ओळख होती. पण ज्या १६१ प्रकरणांतली साक्ष त्यांना वाचायला मिळाली, त्यांपैकी ९२ मध्ये साक्षीदाराला सुरुवातीला खात्री नव्हती, हे साक्षीतूनच दिसत होते. म्हणजे धोक्याची सूचना स्मृतीने दिलेली होती. चार की पाच, या जेनिफरच्या घोटाळण्यात ती होती. यंत्रणेने तो संकेत गोंगाट समजून गाळला आणि न्यायालयातली खात्री तेवढी मोजली. जॉन विक्स्टेड आणि वेल्स यांनी २०१७ मध्ये मांडले की परेड नीट घेतली असेल, तर पहिल्या ओळखीच्या वेळची खात्री बरीच भरवशाची असते. म्हणूनच एका संशयितासाठी साक्षीदाराची स्मृती एकदाच तपासावी, ही सूचना आज पुढे आली आहे.

६. आपल्याकडे

भारतात ओळख परेडचा आधार आधी १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम ९ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ७ आहे. आपल्या न्यायालयांची भूमिका अशी की न्यायालयात आरोपीला ओळखणे हा मुख्य पुरावा, आणि ओळख परेड त्याला पुष्टी देणारी. मलखानसिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २००३ च्या निकालात हे स्पष्ट मांडले आहे. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे : न्यायालयातली साक्ष शपथेवर असते आणि तिची उलटतपासणी होते. आरोपी आधीच साक्षीदाराला दाखवला गेला असेल तर परेडला किंमत नाही, हेही आपली न्यायालये मानतात.

तरीही मानसशास्त्राचा क्रम याच्या उलट आहे. न्यायालयातली ओळख बहुधा काही वर्षांनंतरची असते आणि आरोपी कोण, हे तो जिथे उभा आहे तिथूनच कळते. ते शेवटचे वाचन असते, सर्वांत जास्त ढळलेले. पहिले वाचन निर्णायक मानायचे नसेल तर न मानू. पण ते न्यायाधीशांना जसेच्या तसे दिसायला हवे. साक्षीदार किती वेळ थांबला, नेमके काय म्हणाला, किती खात्री आहे असे त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितले, हे सारे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ मध्ये ओळख पटवणारी व्यक्ती शारीरिक किंवा मानसिक दृष्ट्या अपंग असेल तर चित्रीकरण करण्याची तरतूद आहे. तीच काळजी प्रत्येक साक्षीदाराच्या बाबतीत का घेऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

विचारासाठी प्रश्न

१. परेड घेणाऱ्या अधिकाऱ्यालाच संशयित कोण हे माहीत नसेल, तर या प्रकरणातल्या कोणत्या चुका टळल्या असत्या आणि कोणत्या टळल्या नसत्या?

२. उंबरठा उंच ठेवला तर निर्दोष वाचतात, पण काही गुन्हेगार सुटतात. तो कुठे ठेवायचा, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

३. मागच्या आठवड्यात एकदाच भेटलेल्या अनोळखी माणसाचे वर्णन आज लिहून ठेवा. त्यातल्या प्रत्येक वाक्यासमोर तुमची खात्री शंभरपैकी किती, तेही लिहा. महिन्याने, कागद न पाहता, पुन्हा लिहा. वर्णन किती बदलले हे तर पाहाच. खात्री किती बदलली तेही पाहा.