शब्दमेघ आणि मोडी दप्तरें

जुन्या कागदांच्या संग्रहाचें स्वरूप एका दृष्टिक्षेपांत कळावें म्हणून ‘शब्दमेघ’ नांवाची आकृति देण्याचा प्रघात आतां पडला आहे. जो शब्द अधिक वेळां आला तो मोठ्या अक्षरांत, जो क्वचित् आला तो बारीक अक्षरांत, असा तिचा नियम. कल्पना अगदीं नवी नव्हे. १९७६ सालीं मिलग्रॅम व जोदले यांनीं पॅरिसच्या स्थळांचीं नांवें याच रीतीनें नकाशावर मांडिलीं. २००८ सालीं फाइनबर्ग यांच्या ‘वर्डल’नें ही युक्ति सर्वांच्या हातीं दिली. प्रश्न इतकाच कीं, आपल्या कामीं ती कोठें चालते?

केदारखेडा (तालुका भोकरदन, जिल्हा जालना) हें एकच नांव घेऊं. मोडींत शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं. तेव्हां शब्द कोठें संपतो हें आधीं वाचणारा ठरवितो, यंत्र मागाहून मोजतें. शिवाय ‘केदारखेडा’, ‘केदारखेड्यास’, ‘केदारखेड्याहून’ हीं रूपें यंत्रास तीन निराळे शब्द वाटतात, आणि एकच गांव तीन ठिकाणीं विभागून बारीक होतें. कांहीं यंत्रें तर काना-मात्रांस अक्षर न मानतां शब्दाचे तुकडेच पाडितात.

दुसरा दोष याहून मोठा. ‘श्री’, ‘राजश्री’, ‘गोसावी’, ‘विनंति’ हे मायन्यांतील ठराविक शब्दच मेघांत सर्वांत ठळक दिसणार. ते वगळावे म्हटलें, तर मायन्यावरूनच पत्र लिहिणारा व घेणारा यांचें परस्पर नातें आपण ओळखतों. म्हणून काय वगळलें हें न सांगतां मेघ छापणें म्हणजे पाठभेद न देतां पोथी छापणें होय.

तिसरें असें कीं, संख्या म्हणजे महत्त्व नव्हे. १८०३ च्या सप्टेंबरांत याच जिल्ह्यांत असईची लढाई झाली. त्या काळच्या एखाद्या पत्रांत ‘असई’ हें नांव एकदांच आलें, तरी संशोधकास तें शंभर ‘राजश्रीं’हून मोलाचें. डोळाहि फसतो तो निराळाच: ‘कर’ आणि ‘सरदेशमुखी’ समान वेळां आले, तरी दुसरा शब्द लांबीमुळेंच मोठा भासतो.

मग मेघ सर्वथा त्याज्य काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. सूचीकारानें प्रत्येक हस्तलिखितास वैद्यक, ज्योतिष, महानुभाव, वतन अशीं विषयनामें एकाच पद्धतीनें लाविलीं असतील, तर संग्रहांत काय विपुल व काय विरळ हें नवख्या वाचकास मेघ चटकन् दाखवितो. तेथें मोजलेली वस्तु सूचीकारानें स्वतः नेमलेली असते. तो ग्रंथालयाच्या दारावरील पाटीसारखा वापरावा. दोन दप्तरांची तुलना, कालक्रम किंवा नेमका आंकडा पाहिजे असेल, तेथें मात्र उतरत्या क्रमाचें साधें कोष्टकच द्यावें.

हा वाद केवळ सजावटीचा नव्हे. कोणता रुमाल आधीं सोडावा हें मेघ पाहून ठरूं लागलें, तर ज्यांत एकच मोलाचा कागद आहे तो रुमाल न वाचतांच कसरीच्या तोंडीं जाईल. आणि मेघांत त्याची उणीव कोणासहि दिसणार नाहीं.