आधुनिकतेचे मापन आणि आरंभीची भारतीय कादंबरी

डॅनियल लर्नर यांनी १९५८ मध्ये पश्चिम आशियातील समाजांच्या अभ्यासातून आधुनिकीकरणाचा एक क्रम मांडला : नागरीकरण, साक्षरता, माध्यमांचा प्रसार आणि अखेरीस राजकीय सहभाग. त्याच्या एकरेषीयतेवर समाजशास्त्रात पुष्कळ टीका झाली. कादंबरीच्या तौलनिक अभ्यासात मात्र तीच दृष्टी अनेकदा नकळत वावरते. ‘पहिली कादंबरी कोणत्या वर्षी?’ यावरून भाषांचा क्रम लागतो आणि तोच प्रदेशांच्या पुढारलेपणाचा क्रम ठरतो.

कादंबरी आणि कायदा यांचे नाते तपासले असता या मापाची मर्यादा स्पष्ट होते. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, म्हणजे विधवा पुनर्विवाहाच्या १८५६ च्या कायद्यानंतरची. येथे कायदा पुढे आहे आणि समाज त्याच्या किती मागे आहे, हे कादंबरी दाखविते. तथापि त्याच कायद्याने पुनर्विवाहित विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात आणला होता. ओ. चंदु मेनन यांच्या मलयाळम ‘इंदुलेखा’त (१८८९) नायर स्त्रीचे स्वतःचा जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य केंद्रस्थानी आहे. मलबार विवाह कायदा त्यानंतर ७ वर्षांनी, १८९६ मध्ये झाला आणि त्याखाली फारच थोड्या विवाहांची नोंद झाली. येथे कादंबरी पुढे आहे.

फकीरमोहन सेनापती यांची ओडिया ‘छ माण आठ गुंठ’ १८९७ पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. सनावळीच्या मापाने ती मराठीच्या ४० वर्षे मागे पडते. परंतु भगिया आणि सारिया या विणकर दांपत्याची जमीन जमीनदार मंगराज गिळतो, ती गहाणखताच्या आधारे. आणि पुढे त्याची जमीनदारी वकिलाच्या हाती जाते. ज्या संस्थांना लर्नरप्रणीत दृष्टी प्रगतीचे निदर्शक मानील, त्यांचेच परीक्षण ही कादंबरी करते. तिला ‘उशिराची’ म्हणून बाजूला सारणे म्हणजे आधुनिकतेविषयीची तिची साक्ष गमावणे होय.

म्हणून आकडे त्याज्य ठरत नाहीत. साक्षरतेचे प्रमाण वाचकवर्गाच्या सीमा सांगते, कायद्याचे वर्ष राज्यसंस्थेचा हेतू सांगते. मात्र एखादी संस्था केव्हा आली याच्या जोडीला ती कोणाच्या उपयोगी पडली, हा प्रश्न तौलनिक अभ्यासाने विचारला पाहिजे. त्याचे उत्तर देणारे पुरावे कादंबरीत आहेत. पण प्रदेशांची क्रमवारी आधीच निश्चित करून वाचणाऱ्याला ते दिसत नाहीत.