आठवणींची साक्ष आणि घराचे मौन

मराठी वाचकाला रहस्यकथा नवी नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर आपल्या दोन पिढ्या वाढल्या आणि पुढे नारायण धारपांनी भयकथेचा निराळा रस्ता दाखविला. मात्र ज्या कथानकात गुन्हेगार शोधायचा नसतो, काय घडले होते हेच ठरवायचे असते, आणि ते सांगणाऱ्याच्या स्मरणशक्तीवरच भरवसा ठेवता येत नाही, अशा प्रकारच्या लेखनाकडे आपल्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. असे लेखन ‘मानसशास्त्रीय’ हे विशेषण लावून बाजूला ठेवले जाते. जणू त्यातील गुंता कुणा एका आजारी मनाचा असून निरोगी वाचकाचा त्याच्याशी संबंध नाही. आमचे मत याच्या उलट आहे. मराठीतील या जातीच्या उत्तम कृतींत फसवी आठवण ही एकट्या व्यक्तीची नसते, ती सबंध घराने सांभाळलेली असते. हे मत तपासण्यासाठी आम्ही दोन नाटके निवडली आहेत: प्रशांत दळवी यांचे ‘ध्यानीमनी’ आणि महेश एलकुंचवार यांचे ‘आत्मकथा’.

‘ध्यानीमनी’ हे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातील नाटक. तेव्हाच्या औरंगाबादच्या ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतून पुढे आलेले दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी या जोडीने १९९१ मध्ये ‘चारचौघी’ रंगभूमीवर आणले होते. त्या नाटकातील आई आपल्या आयुष्यातील समाजमान्य नसलेले नाते लपवीत नाही, तिच्या मुलीही ते उघड्या डोळ्यांनी पाहतात. ‘ध्यानीमनी’त याच जोडीने नेमके उलट घर उभे केले. वरवर पाहता पाठक दांपत्याचे घर चारचौघांसारखेच आहे. शालिनीचे सारे आयुष्य मोहित या मुलाभोवती फिरते. त्याचे खाणेपिणे, अभ्यास, रुसवेफुगवे यांखेरीज तिला दुसरा विषय नाही. घरात आलेल्या एका तरुण जोडप्याला पुढे उमगते की मोहित नावाचा मुलगा या घरात कधी जन्मलाच नाही. नवऱ्याला हे ठाऊक आहे आणि ठाऊक असूनही तो बापाची भूमिका निभावतो आहे.

नाटकाचे रहस्य आम्ही येथे उघड केले, याबद्दल कुणी रागावू नये. रहस्यप्रधान कृतीची खरी परीक्षा दुसऱ्या वाचनात होते. उत्तर कळल्यावर जी कोड्याप्रमाणे निकामी होते, ती करमणूक. ‘ध्यानीमनी’ दुसऱ्यांदा अधिक जड वाटते, कारण पहिल्या वेळी आपले लक्ष शालिनीवर असते, दुसऱ्या वेळी ते नवऱ्याकडे वळते. तिला भास होतो, हा मात्र पूर्ण शुद्धीत आहे. रोज सकाळी उठून एका नसलेल्या मुलाविषयी बोलणे, त्याच्यावर लटके रागावणे, त्याच्या भवितव्याची चिंता वाहणे, ही त्याची जन्मठेप आहे. ही दया म्हणावी, भित्रेपणा म्हणावा की प्रेम, हे नाटककार सांगत नाही. आम्हास ही या नाटकाची सर्वांत मोठी शक्ती वाटते.

एडवर्ड आल्बी यांच्या ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वूल्फ?’ या १९६२ च्या नाटकाची येथे आठवण होणे साहजिक आहे. तेथेही निपुत्रिक दांपत्य आहे, कल्पित मुलगा आहे आणि रात्री घरी आलेले तरुण जोडपे आहे. साम्य इथवरच. आल्बींच्या नाटकातील जॉर्ज आणि मार्था या दोघांनाही मुलगा खोटा असल्याचे पक्के ठाऊक आहे. तो त्यांचा आपसातील खेळ आहे. बाहेरच्यांसमोर त्याचा उच्चार करायचा नाही हा त्या खेळाचा नियम, आणि तो मोडला म्हणून नवरा त्या मुलाला शब्दांनीच मारून टाकतो. पाठकांच्या घरात खेळ नाही, नियमही नाहीत. परदेशी दांपत्य असत्याचा उपयोग शस्त्रासारखा करते, आपले दांपत्य ते पांघरुणासारखे वापरते. शिवाय शालिनीचा मोहित शून्यातून आलेला नाही. मूल नसलेल्या बाईकडे हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला कोणत्या नजरेने पाहिले जाते, कोणत्या ओटीभरणाच्या वेळी तिला हळूच मागे सारले जाते, हे मराठी प्रेक्षकास समजावून सांगावे लागत नाही. मोहितला जन्म शालिनीने दिला असेल, पण तो तिच्याकडून मागून घेतला तो भोवतालच्या समाजाने.

याच कथानकावर कुलकर्णी यांनीच २०१७ मध्ये चित्रपट केला. रंगभूमीवर नीना कुलकर्णी यांनी गाजविलेली शालिनी तेथे अश्विनी भावे यांनी साकारली आणि नवऱ्याची भूमिका महेश मांजरेकर यांनी केली. अभिनयाचा प्रश्न बाजूला ठेवूनही आम्हास वाटते की हे कथानक मुळात रंगभूमीचे आहे. आपल्या वास्तववादी नाटकांत कितीतरी माणसे केवळ विंगेच्या पलीकडे राहतात. आतल्या खोलीतील आजारी सासरे, वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू, शाळेत गेलेला मुलगा. पात्राने दाराकडे पाहून हाक मारली की प्रेक्षक त्या माणसाचे अस्तित्व मुकाट्याने मान्य करतो. ‘ध्यानीमनी’ या रूढ संकेताचाच फायदा घेते. मोहित दिसत नाही याचे आपल्याला नवल वाटत नाही. म्हणजे शालिनीइतकाच आपणही तो मुलगा मनात रचलेला असतो, आणि सत्य कळते तेव्हा आपणही त्या असत्याचे भागीदार ठरतो. कॅमेऱ्याला ही सोय नाही. त्याला घरातील खोल्यांतून फिरावे लागते आणि काय दाखवायचे व काय टाळायचे हे प्रत्येक क्षणी ठरवावे लागते. टाळणे लक्षात आले की प्रेक्षक साक्षीदार न राहता गुप्तहेर बनतो.

‘आत्मकथा’ हे एलकुंचवारांचे नाटक १९८०-९० या दशकाच्या उत्तरार्धातील. त्यात भास नाही, भूत नाही, रक्ताचा थेंबही नाही. राजाध्यक्ष हे वयोवृद्ध, कीर्तिमान लेखक प्रज्ञा या तरुण मुलीला आपले आत्मचरित्र सांगत आहेत. पत्नी उत्तरा, तिची बहीण वासंती आणि स्वतः राजाध्यक्ष यांच्यात पूर्वी जे घडले त्यावर त्यांनी कादंबरीही लिहिलेली आहे. आता कादंबरीतील हकीकत एक, आत्मचरित्रातील दुसरी, आणि त्या दोघी बहिणींच्या मनातील आणखी निराळी. शालिनी नसलेले माणूस निर्माण करते, राजाध्यक्ष असलेल्या माणसांना आपल्या सोयीने पुन्हा लिहून काढतात. आमच्या दृष्टीने दुसरा अपराध मोठा आहे. शालिनीला वेदना झाकायची होती. राजाध्यक्षांना वाङ्मय करायचे होते, आणि ज्यांचे आयुष्य त्यांनी वापरले त्यांना विचारण्याची गरज त्यांना भासली नव्हती.

हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’ (१९४५) या चित्रपटात नायकाची हरवलेली स्मृती परत येते, बालपणीचा अपघात आठवतो आणि त्याबरोबर खुनाचाही उलगडा होतो. तेथे आठवण ही कुलूपबंद पेटीसारखी आहे. किल्ली सापडली की आतला ऐवज जसाच्या तसा हाती येतो. एलकुंचवारांच्या नाटकात पेटी उघडली तरी आतील ऐवज दर वेळी निराळा निघतो. आणि मानसशास्त्राचे पुढील संशोधन एलकुंचवारांच्याच बाजूचे आहे. अमेरिकन संशोधक एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ मध्ये दाखविले की अपघाताचे चित्रण पाहिलेल्यांना प्रश्न विचारताना ‘आदळल्या’ऐवजी अधिक जोरकस क्रियापद वापरले, तर त्यांना मोटारींचा वेग जास्त आठवतो आणि आठवड्यानंतर प्रत्यक्षात नसलेल्या फुटक्या काचाही त्यांच्यापैकी अधिक जणांना आठवू लागतात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग तर घरापर्यंत पोहोचतो. चोवीस जणांना त्यांच्या नातलगांकडून मिळालेल्या लहानपणच्या तीन खऱ्या घटना सांगून त्यांत बाजारसंकुलात हरवल्याची एक खोटी घटना मिसळली. सुमारे एकचतुर्थांश लोकांनी ती अंशतः वा पूर्णतः आपलीच आठवण म्हणून स्वीकारली. या प्रयोगातून काय निष्पन्न होते यावर तज्ज्ञांत वाद झाले आहेत. आमच्या विषयापुरते एवढे पुरे की घरच्यांच्या तोंडून आलेली गोष्ट मन सहसा तपासून घेत नाही.

हे सारे इंदूरच्या मराठी वाचकासमोर मांडण्याचे कारण आहे. ‘सानंद’च्या प्रयोगांना आवर्जून जाणारा आपला प्रेक्षक अशा नाटकांकडे मुंबई-पुण्याच्या सदनिकांतील दुखणे म्हणून पाहतो. आपली घरे मात्र आठवणींवरच उभी आहेत. आमचे मूळपुरुष सुभेदार मल्हाररावांबरोबर माळव्यात आले, असे सांगणारी कुटुंबे रामबागेपासून जुन्या इंदुरापर्यंत किती निघतील याची गणती नाही. त्यांतली काही खरोखर त्या काळी आली असतील. काही १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर, इंदूर राजधानी झाल्यावर, कारकुनी, वैद्यकी वा भिक्षुकीच्या निमित्ताने आली असतील. घरातील मोडी कागद वाचणारा उरला नाही, म्हणून सांगण्यालाच पुराव्याची किंमत आली. ज्यांनी आयुष्यभर सरकारी नस्ती हाताळली त्यांना ठाऊक असते की शपथेवर केलेले कथनही प्रामाणिकपणे चुकीचे असू शकते. सांगणारा खोटे बोलत नसतो, त्याला तसेच आठवत असते.

पराक्रम वाढवून सांगितला तर फारसे बिघडत नाही. बिघडते ते गाळलेल्या माणसांमुळे. आपल्या वंशावळी उघडून पाहाव्यात. पुरुषांची नावे सात-आठ पिढ्या मागे जातात. स्त्रियांची बहुधा नाहीतच, आणि असली तर सासरी बदललेली. केशवपन करून माजघरात बसविलेली आत्या, परजातीत विवाह केला म्हणून ज्याचे नाव घेणे बंद झाले तो काका, मागच्या खोलीत आयुष्य काढलेला वेडसर भाऊ, यांची नोंद कुठे आहे? पाठकांच्या घराने नसलेला मुलगा सांभाळला. आपल्या घरांनी असलेली माणसे नाहीशी केली, आणि तेही पाठकांप्रमाणेच एकमेकांना सांभाळून घेत, कुणी खुणेनेही न सांगता.

म्हणून या दोन नाटकांची गणना केवळ उत्कंठावर्धक कृतींत करू नये, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. ‘ध्यानीमनी’ शिकविते की घरातील मौन प्रेमापोटीही असू शकते आणि तरीही ते माणसाला आतून पोखरते. ‘आत्मकथा’ शिकविते की सांगणारा जितका कुशल, तितकी त्याची साक्ष तपासून घ्यावी. आज आपल्यापैकी अनेक कुटुंबे कुलवृत्तांत लिहिण्याच्या खटाटोपात आहेत, आणि ते काम स्तुत्यच आहे. ते हाती घेणाऱ्याने मूळपुरुषाच्या शौर्यकथा उतरवून घेण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसावे, आणि कुणाचे नाव निघताच तिचे बोलणे अडखळते तेवढे टिपून घ्यावे. तिची आठवणही चुकत असेल, पण तिचे ते अडखळणे सहसा खोटे नसते.